या दोघांची भेट नाही

पेणकरकाकांनी इंजिन तळहातावर घेतलं,
चष्मा कपाळावर ढकलला
आणि माझ्या चार महिन्यांच्या बचतीकडे बघत म्हणाले,
"या दोघांची भेट झालेली नाही."

मी वाफेच्या काळ्या इंजिनामागे
निळे डबे जोडले होते. दिसत छान होते.

"दिसतंय छान. लग्नाच्या फोटोत
पणजोबांच्या हातात मोबाईल द्यावा तसं.
हे भंगारात गेलं, मग केव्हातरी हा निळा आला.
याचा ब्रेक व्हॅक्यूमचा, त्याचा हवेचा.
पाइपच जुळत नाहीत,
बोलणार काय एकमेकांशी?"

रास्ता पेठ, दुसरा मजला.
जेवणाच्या टेबलावर प्लायवूड, प्लायवूडवर पुणे स्टेशन,
सत्त्याऐंशी पटींनी लहान.
त्यामुळे ताट मांडीवर.
शनिवारी गाड्या बंद.
संध्याकाळी गॅलरीत जाऊन
काका आभाळात तीन चांदण्या मोजतात,
मग ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबतात.

सनावळी त्यांनी कधी पाठ करायला लावली नाही.
"दिवा बघ, रॉकेलचा का विजेचा.
डब्याच्या कुशीवर नाव कंपनीचं का सरकारचं.
वर तार आहे का.
पलीकडच्या फलाटावर मिरजेची छोटी गाडी अजून उभी आहे का.
कधीची ते गाडीच सांगते.
आपण मधे तोंड घालायचं नाही."

मग मी हुशार झालो. नको तितका.
सिनेमात नायिका रडत निघाली असताना
"हा सिग्नल तेव्हा नव्हताच" असं म्हणायला लागलो.
बायकोनं माझ्याबरोबर जुने सिनेमे बघणं सोडलं.

आणि एका रविवारी काकांनाच पकडलं.
आठ डबे निळे, मधला एक लाल.
"काका, चूक!"

ते इतके हसले की घोरपडीचा सिग्नल आडवा झाला.
"चूक नाही रे, हा मार्च महिना आहे.
वर्कशॉपातला रंग संपलाय.
तुला काय वाटतं, युग बदललं की घंटा होते?
मी गार्ड होतो. रात्री दौंडला झोपलो,
सकाळी उठलो तर शेजारच्या रुळावर डिझेल.
आमचा फायरमन त्याच्याकडे बघत
राखुंडीनं दात घासत होता.
बास, एवढंच झालं त्या दिवशी.
काळ बदलतो तो पेंटरला सवड मिळेल तसा."

चहा ठेवायला ते आत गेले.
कपाटावर विमानतळावरचे फोटो आहेत,
दोन बहिणी, भाऊ, मग मुलगा.
प्रत्येक फोटोत माणसं कमी,
बॅगा मोठ्या.
शेवटच्यात काका एकटेच इकडच्या बाजूला,
हात वर, हिरवं निशाण दाखवताना असतो तसा.

निघताना त्यांनी तो लाल डबा
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला.
"असू दे. हा दोघांनाही भेटलाय."

घरी आल्यावर मी तो मधे लावून बघितला नाही.
तेवढं आता कळतं.
शेल्फवर एकटाच आहे, दाराजवळ.
मुलगी कधी बोटानं पुढेमागे करते, करू देतो.
फक्त शनिवारी म्हणतो,
आज नको.