खरखर

टेकडीवर एफएमचा टॉवर लागला.
नाल्यापर्यंत गाणं काचेसारखं,
नाल्याच्या पल्याड मुकं.

गेडाम मास्तर म्हणतात, डिजिटल त्याहून अडेल :
आलं तं पुरतं येते,
नाही तं येतच नाही, बाप्पा.

त्यांचा जुना सेट अजून
मोहाला बांधलेल्या तांब्याच्या तारेवर.
रात्री दोनला मिडियम वेव्हवर
कुठलंसं दूरचं स्टेशन वर येतं, बुडतं.
वहीत ते लिहितात :
भाषा कळली नाही. बाई होती. एकदा खोकली.

मधेच टर्रर्र.
मास्तर मान वर करतात,
“लाईन आली. सिडामनं मोटर लावली.”

मी म्हटलं, नव्या सेटात हे ऐकूच येणार नाही.
“तेच तं,” म्हणाले,
अन् काटा केसभर सरकवला.