रकाना सात

बसमधून उतरतानाच मोबाईल प्लास्टिकच्या डब्यात गेले,
झाकणावर लाल पेनानं: सातवी, एकोणचाळीस नग.
चाळिसावा माझा.

बिदिया मागे पडलं, डांबर संपलं,
जीपवाल्यांनी टायरमधली निम्मी हवा सोडून दिली.
वाळूवर चालायचं तर थोडं ढिलं व्हावं लागतं, सालिम म्हणाला,
आणि उपमुख्याध्यापिका नायर मॅडमनी
ते तिथंच मूल्यशिक्षण म्हणून टिपून घेतलं.

शिबिराचं नाव श्रद्धा आणि सृष्टी.
दोन रात्री, तीन दिवस, आणि प्रत्येक मुलामागे एक तक्ता:
तंबू उभारणी, पाण्याची काटकसर, सहकार्य, असं करत
रकाना सात: आध्यात्मिक वाढ.
अ, ब किंवा क. खाडाखोड नको.

पहिल्या संध्याकाळी पाणी माणशी एक मग.
अबिझर आणि मेहजबीन मगाकडे बघत राहिले
तेव्हा सालिमनं वाळूवर दोन्ही तळवे टेकले,
फुंकर मारली, तोंडावरून फिरवले, मग हातांवरून.
पाणी नसेल तेव्हा हेच पाणी.
रिन्सी वर्गीसनं माझी ओढणी ओढली:
टीचर, आपल्याला चालेल का हे?
मी श्रीरामपूरची, खरातांची सुभद्रा,
तीन महिन्यांची असताना डोक्यावर पाणी घेतलेली.
म्हटलं, विचारते.
कुणाला, ते तिनं विचारलं नाही.

दहाला जनरेटर बंद झाला
आणि मुलं एकदम गप्प झाली,
कुणीतरी मागून येऊन डोळे झाकावेत तशी.
सालिमनं ईशान्येला बोट केलं. चार तारे, मागे तीन.
मी म्हणाले, आमच्याकडे हे बाजलं.
म्हातारीचं. तीन चोर ते ओढून नेतात.
तो म्हणाला, आमच्याकडे ही तिरडी.
बाप आहे तिच्यावर, आणि मागून चालणाऱ्या त्या मुली.
चार खूर तेच.
माझ्या बापाला नेलं तेव्हा मी रुवीत होते,
पेपर तपासत.
हे मी त्याला सांगितलं नाही.
तो मात्र बराच वेळ बोट खाली घेईना.

पहाटे साडेपाच. तक्त्यात लिहिलेलं: प्रार्थना, आपापली.
पश्चिमेला एक रांग लागली,
खजुराखाली रिन्सी आणि तिचे चौघे,
जीपच्या बॉनेटवर कुणाच्या तरी आईनं दिलेला गणपती,
दोन इंच, गोधडीच्या तुकड्यावर.
निषाद दांडेकर पाण्याच्या टाकीपाशी उभा.
माझ्याकडे नाहीये टीचर,
कंपासपेटी घरी राहिल्यासारखं म्हणाला.
घरी काहीच म्हणत नाहीत?
बाबा म्हणतात, मोठा झालास की तुझं तू ठरव.
मग आत्ता?
तो उकिडवा बसला, डोळे मिटले.
एकोणतीस.
अठ्ठावन्न.
सत्त्याऐंशी.
रोह्याचे आजोबा शुक्रवारी फोनवर घेतात म्हणे, सगळ्यात अवघड तोच.
सोळोदरसे,
आणि अडकला.
दातांत थंडी वाजत होती त्याच्या.
टाकीखालून एक भुंगेरा निघाला,
वाळूवर बारीक टाके घालत गेला.
मी शेजारी बसले. पंचेचाळासे, मी म्हटलं,
मग पुढचं आम्ही दोघं मिळून,
हळू, रांगेला ऐकू जाऊ नये इतकं,
दोनशे नव्वदपर्यंत.

चटई झटकत सालिम आला. काय पढतोय पोरगा?
हिशेब, मी म्हटलं.
आमच्या दोघांत धड पोचलेला तेवढा एकच शब्द.
हिसाब, तो म्हणाला, आणि हसायचा थांबला.
निषादकडे बघून मान लववली
आणि चुलीकडे गेला.

परतीच्या बसमध्ये गुडघ्यावर तक्ते भरले.
बहुतेकांना ब.
निषादच्या सातव्या रकान्यात मी २९० लिहिलं.
रविवारी ऑफिसातून चिठ्ठी: ही कुठली श्रेणी?
दुरुस्त करून पाठवा.
चिठ्ठी पर्समध्ये आहे.

आज मधल्या सुट्टीत तो जिन्यात भेटला.
टीचर, तीसचा पाढा फार सोपा आहे,
तो म्हटला तर चालेल का?
म्हटलं, विचारते.