कलम सात

शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करून
ते तिघं वर राहतात. रविवारी अकरा होतात.
जिन्यात अकरा जोड चपला, टोकं भिंतीकडं,
दोरी धरल्यागत सरळ.
तेवढ्यावरनंच ओळखलं, पलटणीतली माणसं.

मी स्वतः चोवीस वर्षं मराठा लाइट इन्फन्ट्रीत.
पळून आलेल्याला आमच्यात एकच शब्द होता,
जेवताना तो कुणी काढत नसे.
त्यात माझे आजे ब्रह्मदेशातच राहिले, चव्वेचाळीस साली.
नाव गावच्या फरशीवर, हाडं तिकडं.
म्हणून भाड्याचं बोलण्याआधी
कॅप्टन झॉ मिन थानला विचारलं,
हुकूम मोडलास?

त्यानं माझ्याच वहीत, दुधाच्या हिशेबाखाली,
सहा आकडे लिहिले. नकाशावरचं एक गाव.
मग शेवटच्या 4 चं वरचं तोंड मिटवून
9 केला.
तोफगोळे तिळाच्या रानात पडले.
दुसऱ्या रात्री हा निघाला, चालत.
मिझोराम, गुवाहाटी, आणि आता हे ओतकाम.
मी डिपॉझिट घेतलं नाही.
बायकोला सांगितलं, घेतलं.

परवाच्या रविवारी वर आवाज चढला.
धाकट्यानं मोडक्या हिंदीत समजावलं :
हुकूमशहा गेल्यावर, नव्या सभागृहात
वर्दीला राखीव खुर्च्या ठेवायच्या का?
सार्जंट तुन ल्विन म्हणतो, रक्त आम्ही सांडलंय.
कॅप्टन म्हणतो, कुणाचं?

मोजायला मला बोलावलं.
तुम्ही कुणाचेच नाही, म्हणाले.
काकवीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या.
पाच बरोबर, पाच फुली.
अकरावी लागेना.
डबा खिडकीशी नेऊन तिरपा धरला,
तळाला चिकटली होती. नखानं सोडवली.
फुली.

सार्जंट उठला. असले खांदे मला ठाऊक आहेत,
मी एक पाय मागं घेतला.
त्यानं चिठ्ठी मागितली, उलटसुलट बघितली,
मग बोट चाटलं.
गोड आहे, म्हणाला.
बऱ्याच वेळानं कुणीतरी हसलं.
चहा मात्र तो न पिताच गेला,
चपला वाकड्या टाकून आलेला तोच एकटा, त्या दिवशी.

एक तारखेला भाडेपावती लिहिताना
हात सवयीनं 'कॅप्टन' लिहून गेला.
त्यानं पेन मागून घेतलं.
खोडलं नाही. हुद्द्याभोवती नुसता कंस केला.

गावच्या फरशीवर आजोबांच्या आधी
'शिपाई' कोरलंय, खोल.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.