अस्तर

वरची बाजू कुणीबी जमवतंय, अंजिरा म्हणाली,
खणाचे तुकडे, परकर, शर्टाच्या बाह्या.
अंगाला लागतंय ते अस्तर. ते नीट बघ.

मानवतच्या बाजारातलं नवं कापड
तिनं गालाला लावून परत केलं.
"खळ हाय. तीन हिवाळे टोचत ऱ्हाईल."

मग पेटीतनं निघालं सासऱ्याचं धोतर,
धुऊन धुऊन साय झालेलं.
वीतभर कमी पडलं.

जरीचा काठ नको, केस अडकतात.
पोत्याचा तुकडा तर नकोच.
बराच वेळ पेटीत हात तसाच.
शेवटी एक उपरणं, निळीचा डाग असलेलं.
कुणाचं, ती बोलली नाही.
"जोड पायाकडं येऊ दे."

पहाटे पाण्याला उठले
तर वाकळ उलटी फिरवलेली,
जोड तिच्या गालाशी.