डावीकडची दोन बोटं

इनास मास्तरांकडे पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते,
मिठाईच्या खोक्यातून कापलेले, कडा ब्लेडने साफ.
फोटोवर ठेवायचे, सरकवायचे.
माडाचं खोड आत, विजेची तार बाहेर.
"चित्रात घालत जायचं असतं," म्हणायचे,
"फोटोत काढत जायचं."
मालवणच्या त्या पोटमाळ्यावर लाल दिव्याखाली
हायपोचा वास इतका, की डबा जिन्यात बसून खायचा.

कालावलच्या खाडीला ओहोटी लागलेली.
मी पोटरीभर चिखलात, कॅमेरा गळ्यात आखूड करून.
कांदळाची मुळं वर आलेली, बुडणाऱ्याच्या बोटांसारखी,
(नाही. मुळांसारखीच. उपमा मास्तरांना चालायच्या नाहीत.)
समोर लहान बगळा,
मान ताणून, एक पाय उचललेला, नजर डावीकडे.
त्याचा पांढरा जळू नये म्हणून प्रकाश दीड घर कमी केला,
तसा चिखल आपोआप डांबराचा झाला.
एकच फ्रेम मिळाली. मग तो उडाला.

नखाएवढ्या कॉन्टॅक्ट प्रिंटवर सगळं आलं होतं:
बगळा, मुळं, पाण्याची एक वाकडी पट्टी,
आणि पार डाव्या कडेला
वाकलेली बाई, टोपली, कोयती, पाठीवर ऊन.
मास्तरांनी काटकोन सरकवला. दोन बोटं.
बाई गेली.
"नजर जिकडे, तिकडे जागा सोड.
पाखराला बघायला रिकामं लागतं."
सोडली.
ते रिकामं मी चार रात्री धुतलं,
राखाडीतून राखाडी वेगळी करत,
जशी कोणी तांदळातून कणी काढावी.
रत्नागिरीच्या प्रदर्शनात लोक नेमके तिथेच थांबायचे.
वहीत कुणीतरी लिहिलं: निर्मनुष्य. फार छान.

नऊ वर्षांनी तोंडवळीत,
ज्या खानावळीने तो भिंतीला लावला होता तिथे जेवत होतो.
भागीरथी मेथर मागच्या दाराने कालवं घेऊन आली.
वाटीने मोजून झाली, पैसे कनवटीला लागले,
पाणी प्यायला म्हणून आत डोकावली
आणि उभीच राहिली.

"ह्येचे पाय पिवळे होते."
मी म्हटलं, काळ्या-पांढऱ्यात पिवळं येत नाही.
"असांदे. आणि मी खंय?"

सोलकढीची वाटी तोंडाशी होती, ती तशीच.

"रोज येय तो. मी दगड परतलंय
की खालची बारकी कुर्ली टिपी.
माझ्याकडेच बघी होतो."
तिने काचेला हात लावला नाही.
चौकटीच्या डावीकडे, निळ्या डिस्टेंपरवर
एक बोट टेकवलं.
"हंय होतंय मी."
बोटाला कालवांचं पाणी होतं.
भिंतीवर उरलेला ओला ठिपका
माझा भात संपेपर्यंत वाळून गेला.

निगेटिव्ह शोधायला दोन दिवस लागले.
डब्यातले निळे दाणे कधीच गुलाबी होऊन बसलेले,
दमट हवेने डावी कड खाल्लेली,
बुरशीची बारीक मुळं तिच्या खांद्यापर्यंत पोचली आहेत.
चेहरा तेव्हाही खालीच होता.
हात राहिलाय, कोयती राहिली आहे.
दिव्यासमोर धरलं की बगळा काळा दिसतो, चिखल पांढरा,
आणि तिच्या पाठीवरचं ऊन शाईसारखं.

मास्तर आता नाहीत. काटकोन माझ्याकडे आहेत,
एकाचा कोपरा वाळवीने नेला.
या वेळी ते खणातच ठेवले.
पूर्ण फ्रेम धुतली, बुरशीसकट.

खानावळवाला फोनवर विचारत होता,
जुनी चौकट चालेल ना, सागवानी आहे, उगाच खर्च कशाला.
नाही म्हटलं.
दोन बोटं कमी पडते.