मूठ दातांत

श्रीहरी आला टळटळीत दुपारी, कुंभारीहून सायकल हाणत.
हँडलला पिशवी, पिशवीत गाडी,
रविवारी तिची रेस.
"मामा, आवाज येऊलालाय.
किर्रर्र... मग टिक्. वळणावर जास्तच."

दाखव म्हणालो.
त्यानं रिमोटचा ट्रिगर ओढला, चाकं फिरली,
त्याचं तोंड आंबट झालं.
मला काहीच आलं नाही.

एकतीस वर्षं जॉबर होतो, अक्कलकोट रोडला,
बावीस मागांच्या मधोमध.
धोट्याचा प्रत्येक ठोका जाताना
कानातलं चिमूटभर काहीतरी घेऊन जायचा.
आधी सायकलची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी,
मग रुक्मव्वाच्या बोलण्यातले स आणि श.
उरलेल्या अक्षरांवर संसार चाललाय.

हे पोराला सांगितलं नाही.
म्हणालो, आधी पिनियन बाजूला कर,
आता हातानं ढकल फरशीवर.
येतोय अजून?
"येऊलालाय."
मग मोटरचा दोष नाही.
लोक पहिली शिवी मोटरलाच घालतात,
महाग असते ना.

स्पर गिअरचे दात नखानं चाचपले.
एकही टोकदार झालेला नव्हता.
पिनियन परत बसवला, आणि
त्याच्या आईकडच्या विडीबंडलाचं लेबल
दोन गिअरांच्या मधून फिरवलं.
पलीकडून निघालं चुरगळून, पण अख्खं.
एवढी फट हवी.
घट्ट बसवणारे पुढे रडत येतात.

मग लांबडा स्क्रू ड्रायव्हर काढला.
टोक गाडीवर, मूठ दातांत.
श्रीहरी फिस्सकन हसला.
फिरव, म्हणालो, मुठीसकट, त्याला काय कळलं कोण जाणे.
पुढचं डिफ: तेलात पोहतंय, ठीक.
मधला शाफ्ट: गप्प.
मागे, डावीकडे
टिक्.
जबड्यातून चढला, कानांना न विचारता
थेट कवटीत.

चाक उतरवलं.
डॉगबोनची पिन कपात जिथं टेकते
तिथं तिनं खाच कोरली होती, तांदळाच्या कणीएवढी,
आणि तीही एकाच भिंतीला,
पुढं जाताना जिला रेटा बसतो तिला.
गाडी मागं घ्यायची वेळ येते कितीदा?
दुसरी भिंत कोरी करकरीत.

बेअरिंगचं झाकण सुईनं उचकटलं,
तर आत सुताचं वेटोळं, काळं, तेलकट.
गज्जमांच्या बंद शेडमध्ये पळवतात ही पोरं गाड्या.
माग किलोच्या भावानं गेले,
रुई मात्र अजून कोपऱ्यांतून निघते.
चिमट्यानं ओढत राहिलो, संपता संपेना.
बोटभर निघालं शेवटी.
किर्रर्र ते होतं.

नवा कप पुण्याहून यायला आठ दिवस, चारशे सत्तर रुपये.
रविवार परवावर.
म्हणून डावा कप उजवीकडे घातला, उजवा डावीकडे,
कोरी भिंत आता रेटा खाईल.
मागाचा पिकर झिजला की
आम्ही असाच उलटा करून लावायचो,
शेठला वाटायचं नवा आणलाय.

श्रीहरीनं अंगणात दोन फेऱ्या मारल्या,
तिसरी उगाच, कुत्र्यामागे.
"गेला मामा आवाज!"
मी मान डोलावली.
होता तेव्हाही माझ्यासाठी नव्हताच.

पिशवी अडकवता अडकवता म्हणतो,
"तुमच्या कानांचं पण डावं-उजवं बदलून बघा की."
म्हणजे त्याला माहीत होतं.

तो गेल्यावर स्क्रू ड्रायव्हर पुसला.
आत डाळ शिजत होती.
मूठ दातांत धरली, टोक टेकवलं कुकरच्या कडेला,
आणि थांबलो.
आली. बारीक, थरथरती, दाढांमधून.
रुक्मव्वा दारात उभी राहून काहीतरी म्हणाली,
तोंड वाकडं करून.
स असावेत त्यात, दोन-तीन तरी.