शुद्धिपत्र

गेल्या अंकात पान एकतीसवर
लेखकाचं नाव चुकलं आहे.
'गावस' असं वाचावं. आम्ही 'गावास' छापलं.

याहून मोठी चूक अशी, की तो लेख
नऊ वर्षं माझ्या खणात होता.

सांगतो.
आमचं वैद्यकीय त्रैमासिक रायबंदरला, फेरीच्या धक्क्यासमोर.
खाली बॅटऱ्यांचं दुकान, वर मी
आणि दोनशे चाळीस वर्गणीदार.
त्यातले साठेक वारले; त्यांचे अंक परत येत नाहीत,
म्हणजे घरात कुणीतरी वाचत असावं
असं मी धरून चालतो.

वाळपईहून डॉक्टर उल्हास गावसांचं पाकीट आलं
तेव्हा बोंडूंचे दिवस होते.
पाच पानं, निळी शाई.
रानात जाणारी माणसं, अकरा.
ताप येतो, जातो, माणसं कामाला लागतात,
आठव्या दिवशी ताप परत येतो
आणि या वेळी पाय उचलत नाहीत.

लेख तपासणारा म्हणजे मडगावचा माझा मेहुणा,
कान-नाक-घशाचा.
त्यानं समासात लिहिलं: नमुना लहान, इंग्रजी कच्चं.
मी खण ओढला, पाकीट ठेवलं,
खण जरा अडकतो, गुडघ्यानं लोटला.

यंदा म्हापशाच्या फिलोमेना कुलासोंनी आम्हांला एकत्र बोलावलं.
त्या परिचारिकांचं मासिक काढतात, एकट्या.
सावंतवाडीच्या माणगावकरबाई आल्या,
कारवारचे पिकळे आले, स्वतःची खुर्चीची उशी घेऊन.
पहिला तास भांडणात गेला.
क्षयाचा एकच लेख आम्ही तिघांनीही छापला होता,
रुग्ण बासष्ट, बासष्ट आणि चौसष्ट.
दोन कुठून आले यावर पिकळे टेबलावर हात आपटत होते,
भाजी-पाव गार होत होता.

मग फिलोमेनाबाई म्हणाल्या,
छापलेलं राहू दे. न छापलेलं काय आहे तुमच्याकडे?

कुणी काही बोललं नाही.
नाकारलेलं कुणी दुसऱ्याला दाखवत नाही,
ते धुण्याच्या बादलीसारखं असतं.
तरी पुढच्या गुरुवारी आम्ही गठ्ठे घेऊन आलो,
दोऱ्या सोडल्या.

पिकळ्यांकडे जोयड्याचं एक पत्र होतं. सात जण.
माणगावकरबाईंकडे दोडामार्गचं. नऊ.
ताप येतो, जातो, आठव्या दिवशी परत.
जोयड्याच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं,
'हे फक्त माझ्याच गावात का, कळत नाही.'

एका घाटाचे तीन उतार,
आणि चेकनाक्यावर
तापाचे कागद कुणी मागत नाही.

खाली फेरीबोट लागली, सुटली,
पुन्हा लागली.
माणगावकरबाईंनी कागदावर बेरीज केली,
एवढी सोपी बेरीज त्यांनी दोनदा केली.
सत्तावीस.

आता असं ठरलंय:
माझ्याकडचा लेख कारवारला तपासतील,
कारवारचा म्हापशाला, म्हापशाचा सावंतवाडीला.
नाकारलेल्यांची यादी चौघांत फिरेल.
कच्च्या भाषेवर पेन्सिल चालवू,
कात्री नाही.
मेहुण्याला मोकळं केलं. तो रागावला आहे,
चवथीला येईल की नाही सांगता येत नाही.

गावसांना तीन पत्रं टाकली, उत्तर नव्हतं.
तसाच छापला.
अंक पोचला त्या संध्याकाळी फोन आला,
सावकाश, थोडं ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज:
'अकरा नव्हते हो. नंतर चौदा झाले.
कळवणार होतो तुम्हांला,
मग म्हटलं, उगाच कशाला त्रास.'

नावाबद्दल ते काही बोलले नाहीत.
ती चूक पिकळ्यांनी काढली.

पान एकतीस, ओळ चौथी:
'अकरा'च्या जागी 'चौदा' वाचावं.
त्याच पानावर खाली, एकूण:
'सत्तावीस'च्या जागी 'तीस'.